३६ वर्षं एकाच खुर्चीत: इलिनॉयचे 'स्पीकरसाहेब' मायकल मॅडिगन

मिडवेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचनमात्र होतो पण काल शेजाऱ्यांशी बोलणं झालं आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून धागा काढतोय.

मी शिकागोच्या नैऋत्य टोकाला राहतो, मिडवे विमानतळाजवळ. विटांचे बुटके बंगले, एकाला एक खेटून. विमान डोक्यावरून गेलं की मांडणीतल्या वाट्या किणकिणतात, म्हणून तर घर परवडलं. हा १३वा वॉर्ड, म्हणजे मायकल मॅडिगनचा वॉर्ड. १३ जून २०२५ ला त्याला लाचखोरीबद्दल साडेसात वर्षांची शिक्षा झाली, वर २५ लाख डॉलर दंड. वय ८३.

काल गवत कापत होतो तर शेजारचे पोलिश आजोबा कुंपणाशी आले. ऐंशी पार, सगळा जन्म याच गल्लीत गेलेला. डोळ्यात पाणी! म्हणाले, दारातलं झाड घरावर कलंडलं होतं तेव्हा वॉर्ड ऑफिसला एक फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळी करवतवाले हजर. बायको गेली तेव्हा नातेवाइकांच्या आधी वॉर्डाचा माणूस दारात. "चोर असेल तर असू दे, आमचा होता." त्यांच्या फ्रिजवर अजून वॉर्ड ऑफिसच्या फोन नंबरचं मॅग्नेट आहे, शेवटचे दोन आकडे झिजून गेलेत, त्यांना ते पाठ आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा गडी १९७० साली आमदार झाला, १९८३ ला इलिनॉयच्या हाउसचा (म्हणजे विधानसभेचा) स्पीकर आणि तिथून २०२१ पर्यंत स्पीकर. मध्ये फक्त १९९५ ते ९७ रिपब्लिकन आले तेवढीच दोन वर्षं सुट्टी. एकूण ३६ वर्षं. अमेरिकेच्या इतिहासात कुठल्याच विधिमंडळात, वॉशिंग्टन धरून, कुणी इतका काळ ती खुर्ची धरून बसलेलं नाही.

प्रश्न असा की माणूस इतका टिकतो तो कामामुळे की धाकामुळे? मला खरंच कळत नाहीये. आजोबांना काय बोलावं तेही सुचलं नाही, मशीन बंद करून नुसता उभा राहिलो.

चकलीबहाद्दर

३६? आमच्या मंडळाचे खजिनदार अजून १९ वरच आहेत. त्यांना हा धागा कुणी दाखवू नका.

नर्मदाकाकू

मिडवेकर, छान लिहिलंय तुम्ही. मी ८१ साली इकडे आले त्यामुळे या माणसाची सगळी कारकीर्द डोळ्यांदेखत झाली म्हणायला हरकत नाही. एक रात्र सांगते.

३० जून १९८८. व्हाइट सॉक्स बेसबॉल टीम शिकागो सोडून फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला निघालेली, तिकडे स्टेडियमचं बांधकामही चालू होतं. इथे ठेवायचे तर सरकारने नवीन स्टेडियम बांधून द्यायचं, आणि ते बिल रात्री बाराच्या आत पास व्हायला हवं कारण बारानंतर साधं बहुमत चालत नाही, तीन पंचमांश लागतं. आमचे हे सॉक्सचे भक्त, टीव्हीसमोर मांडी घालून. गव्हर्नर जिम थॉम्प्सन रिपब्लिकन आणि मॅडिगन डेमोक्रॅट, पण त्या रात्री दोघं एका बाजूला. गव्हर्नर स्वतः सभागृहात उतरून एकेका आमदाराची मनधरणी करतोय. इकडे आमच्या भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले तरी तिकडे मतं चालूच! शेवटी ६० विरुद्ध ५५ नी पास झालं आणि नोंद काय, तर ११ वाजून ५९ मिनिटं. मॅडिगनला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला माझ्या घड्याळात ११:५९ च होते.

वरात उशिरा आली की भटजी मुहूर्त जरा पुढे सरकवतात हे माहीत होतं, पण आख्खी विधानसभा घड्याळ थांबवते हे इथे येऊन पाहिलं.

चकलीबहाद्दर

काकू _/\_ शुभमंगल सावधान.

भुईनळा

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा कडू लिहितो. आजोबांचं झाड कापलं गेलं, मान्य. मी २०१५ ते १७ इथल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत मास्टर्स करत होतो (नाव सांगत नाही). रिपब्लिकन गव्हर्नर ब्रूस राउनर आणि मॅडिगन यांचं जुंपलं होतं आणि राज्याला बजेटच नव्हतं. एकदोन महिने नाही, ७३६ दिवस. आमच्या लॅबमध्ये प्रिंटरला कागद नाही म्हणून घरून रिम नेलीय मी. गरीब मुलांची जी स्टेट ग्रँट असते ती अडकली, माझ्याबरोबरची दोन पोरं सेमिस्टर सोडून कामाला लागली. शिकागो स्टेट युनिव्हर्सिटीने २०१६ मध्ये सगळ्याच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्याच्या नोटिसा दिल्या होत्या. राज्याची थकलेली बिलं १५ अब्ज डॉलरच्या आसपास गेली. आणि कहर म्हणजे लॉटरी लागलेल्यांना पैसे नाहीत! लाख डॉलरची लॉटरी लागली तर हातात चिठ्ठी, बजेट पास झालं की या.

दोन म्हातारे हट्टाला पेटले आणि भरडलो आम्ही. म्हणून मला त्याच्याबद्दल शष्प सहानुभूती नाही.

खडूस_खारूताई

भुईनळा, तुझा त्रास खरा आहे पण दोन म्हातारे म्हणून सारखं माप नको लावूस. राउनरला बजेटच्या बदल्यात युनियनचे पंख छाटून हवे होते, टर्नअराउंड अजेंडा नाव होतं त्याचं. बजेट म्हणजे काय ओलीस ठेवायची वस्तू आहे का? मॅडिगन अडून बसला म्हणून ते झालं नाही. आणि शेवटी जुलै २०१७ मध्ये गव्हर्नरचा व्हेटो उलटवून बजेट पास केलं तेव्हा राउनरच्याच पक्षाचे आमदार फुटून इकडे आले, ते काय उगाच? इन्कम टॅक्स ३.७५ वरून ४.९५ टक्के झाला तो तेव्हाच, माझाही वाढला, तरी म्हणते बरं झालं.

भुईनळा

@खारूताई, ठीक, ६०-४० करू. ६० राउनर. पण ४० सोडणार नाही. आणि कारण सांगतो, ३०-३५ वर्षं तोच स्पीकर असताना राज्याच्या पेन्शन निधीतला खड्डा एवढा झाला कसा? गव्हर्नर सात बदलले. हा नाही बदलला.

चकलीबहाद्दर

सात गव्हर्नरपैकी जॉर्ज रायन आणि ब्लागोयेविच, दोन तुरुंगात जाऊन आले. आधीचे कर्नर आणि वॉकर धरले तर राज्याचे चार. इलिनॉयमध्ये गव्हर्नर निवृत्त झाला की पेन्शनबरोबर तुरुंगात नंबरप्लेट बनवायचं कामही मिळतं असं ऐकून आहे.

कायदेपंडित_नाही

मिडवेकरांचा मूळ प्रश्न कामामुळे की धाकामुळे. माझं उत्तर: नियमामुळे. लोक उगाच गुंडगिरी, धमक्या असं चित्र रंगवतात. या माणसाचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही म्हणतात, दुपारी जेवायला एक सफरचंद, ईमेल नाही, मोबाइल नाही. पत्रकार त्याला 'वेल्व्हेट हॅमर' म्हणायचे, मखमली हातोडा. कधी 'स्फिंक्स'.

खरी चावी होती रूल्स कमिटी. इलिनॉय हाउसमध्ये कुठलंही बिल आलं की आधी या कमिटीकडे जातं आणि कमिटीत बहुमत स्पीकरच्या माणसांचं. त्यांनी बिल पुढे पाठवलंच नाही तर ते तिथेच पडून मरतं, कुणाला विरोधात मतदानसुद्धा करावं लागत नाही. म्हणजे खून झाला पण मारेकरी नाही. ११८ आमदार, प्रत्येकाला आपल्या मतदारांना दाखवायला एखादं तरी बिल हवंच असतं, आणि ते कुठे अडकलंय? साहेबांच्या टेबलावर.

दुसरी चावी पैसा. १९९८ पासून राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षही हाच. अटीतटीच्या मतदारसंघात नवख्या उमेदवाराला माणसं, पत्रकं, पैसा सगळं इथून. निवडून आल्यावर तो पोरगा पहिलं मत कुणाला देणार, स्पीकर निवडीत?

तिसरी चावी नकाशा, आणि ही गोष्ट इतकी भारी आहे की वेगळं लिहितो, जरा चहा टाकून येतो.

सांगोला_एक्स्प्रेस

पंडित चहा प्या लवकर. मी वाचतोय.

कायदेपंडित_नाही

आलो. तर दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखतात. इलिनॉयच्या १९७० च्या घटनेत (तेव्हा घटना लिहायला जे प्रतिनिधी निवडले त्यात २७-२८ वर्षांचा मॅडिगनही होता!) असं ठरलं की दोन्ही पक्षांचं जमलं नाही तर सारख्या संख्येचं कमिशन नेमायचं, आणि त्यातही बरोबरी झाली तर शेवटच्या सदस्याचं नाव चिठ्ठी टाकून काढायचं. लिहिणाऱ्यांना वाटलं चिठ्ठीच्या भीतीने दोघं तडजोड करतील. कसली तडजोड! १९८१, १९९१, २००१ तिन्ही वेळा चिठ्ठीवर गेलं. ८१ ला डेमोक्रॅट जिंकले, नकाशा मॅडिगनच्या हातात आणि ८३ ला तो स्पीकर. ९१ ला रिपब्लिकन जिंकले, त्यांच्या नकाशावर ९४ ला त्यांनी हाउस घेतलं, ती दोन वर्षांची सुट्टी. २००१ ला परत डेमोक्रॅट. आणि २००१ ची चिठ्ठी कशातून काढली माहितीये? लिंकनच्या त्या उंच काळ्या टोपीसारख्या टोपीतून!

चकलीबहाद्दर

बिचारा लिंकन. टोपी त्याची, घातली जनतेला.

नर्मदाकाकू

चकली, आज बरी सुचली हो तुला.

आकडेमोड

प्रॉपर्टी टॅक्सबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, कारण मला मॅडिगन हे नाव पहिल्यांदा तिथे कळलं. कुक काउंटीत (म्हणजे शिकागोच्या जिल्ह्यात) घराची किंमत असेसर ठरवतो, त्यावर टॅक्स. जास्त वाटला तर अपील, आधी असेसरकडे, मग बोर्ड ऑफ रिव्ह्यू, तरी नाही पटलं तर राज्याचं अपील बोर्ड नाहीतर कोर्ट. आपल्यासारखे लोक शेजारच्या तीन घरांचे आकडे काढून फॉर्म भरतात. डाउनटाउनच्या गगनचुंबी इमारतींचे मालक मात्र वकील लावतात आणि त्या धंद्यात वर्षानुवर्षं पहिल्या फळीत कोण, तर मॅडिगन आणि गेट्झेंडॅनर ही फर्म. तोच मॅडिगन. म्हणजे राजधानी स्प्रिंगफील्डला टॅक्सचे कायदे करायचे आणि शिकागोत येऊन त्याच टॅक्समध्ये सूट मिळवून देण्याची फी घ्यायची. आणि हे बेकायदेशीर नव्हतं हो! तेच तर डोक्यात जातं. शिक्षेच्या वेळी कोर्टात आलं की संपत्ती ४ कोटी डॉलरच्या आसपास.

मोठ्या इमारतीचा टॅक्स कमी झाला तर तो हवेत विरत नाही, शाळेला पैसे लागतातच. तो उरलेल्यांवर बसतो, म्हणजे पोलिश आजोबांवरही. झाड फुकट कापून मिळालं असं त्यांना वाटतं. फुकट नव्हतं.

मिडवेकर

आकडेमोड, शेवटची ओळ वाचून गप्प बसलो. आजोबांचं बिल मीच भरतो ऑनलाइन, त्यांना जमत नाही.

खडूस_खारूताई

(अवांतर) यावर्षी अपिलाची मुदत कधी आहे कुणाला माहीत आहे का?

आकडेमोड

टाउनशिपप्रमाणे वेगवेगळी असते, असेसरच्या साइटवर तुझी टाउनशिप शोध. आणि शेजाऱ्यांची घरं निवडताना त्याच वर्षी बांधलेली निवड, बेसमेंट बघून घे.

मॅडिसनची_मंजू

शेजारच्या विस्कॉन्सिनमधून नमस्कार. लांब कारकीर्दच हवी तर आमचे फ्रेड रिसर घ्या की. १९५६ मध्ये असेंब्लीवर निवडून आले, १९६२ पासून सिनेटर, आणि २०२१ च्या जानेवारीत निवृत्त, वय ९३. चौसष्ट वर्षं! अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यातला सगळ्यात जास्त काळ टिकलेला आमदार. दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते. ना खटला ना तुरुंग. तेव्हा लांब टिकणं म्हणजे आपोआप सडणं असं काही नाही.

सांगोला_एक्स्प्रेस

आता माझ्या गावचा विषय निघालाच. गणपतराव देशमुख, सांगोला, शेतकरी कामगार पक्ष. १९६२ ला पहिल्यांदा, एकूण अकरा वेळा आमदार, मधे ७२ आणि ९५ ला पडले. आबा एसटीने मुंबईला जायचे हे आम्ही लहानपणापासून बघितलंय. आमच्याकडे नेते आमदार झाले की आधी गाडी बदलते, म्हणून सांगतोय.

पण मंजूताई, मला वाटतं यात एक मेख आहे. आबा बहुतेक सगळा काळ विरोधी बाकावर. म्हणजे जागा धरून होते, चावी हातात नव्हती. चाव्या हातात घेऊन छत्तीस वर्षं बसणं आणि बाकावर पन्नास वर्षं बसणं ही तुलनाच नाही. बाकावरचा माणूस दर पाच वर्षांनी गावात येऊन हात जोडतो, चावीवाल्याकडे लोक येऊन हात जोडतात.

मॅडिसनची_मंजू

पटलं. रिसर बराच काळ सिनेटचे अध्यक्ष होते, पण ते पद सभा चालवण्याचं, कुठलं बिल जगणार ते ठरवायचं नाही. तरी मुद्दा मान्य.

भुईनळा

हाच तर मुद्दा. टर्म लिमिट हवं, म्हणजे आमदार किती वर्षं राहता येईल त्यालाच मर्यादा. कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये आणलं, तिथेही असाच एक स्पीकर होता विली ब्राउन, त्याला घालवायलाच आणलं म्हणतात. मिशिगनने ९२ ला. इलिनॉयमध्ये २०१४ ला सह्या गोळा केल्या तर कोर्टाने मतपत्रिकेवर येऊच दिलं नाही.

कायदेपंडित_नाही

टर्म लिमिटने आमदार नवखे राहतात आणि मग अनुभव फक्त लॉबीवाल्यांकडे उरतो, असं त्या राज्यांतले लोकच सांगतात. आमदारावर नको, खुर्चीवर ठेवा. मॅडिगननंतर आलेल्या ख्रिस वेल्च यांनी हाउसच्या नियमात तेच केलं, नेतेपदाला दहा वर्षांची मर्यादा.

नर्मदाकाकू

आजोबांच्या "आमचा होता" वरून एक जुनी गोष्ट आठवली. पुढे मोठे जज्ज झालेले ॲबनर मिक्व्हा १९४८ साली लॉ कॉलेजात असताना उत्साहाने वॉर्ड ऑफिसात गेले, म्हणाले प्रचाराला मदत करायचीय. आतल्या माणसाने सिगार तोंडातून काढून विचारलं, तुला कुणी पाठवलं? कुणी नाही. तो म्हणाला, कुणी न पाठवलेला कुणी आम्हाला नको. झालं, सिगार परत तोंडात.

ही शिकागोची रीत. आपण वशिला म्हणतो, इथे क्लाउट म्हणतात. मॅडिगनचे वडील याच १३व्या वॉर्डात कचरा-रस्ते खात्याचे सुपरिंटेंडेंट, मेयर रिचर्ड डेली (थोरले) यांच्या गोटातले. मुलगा १९६९ ला २७ व्या वर्षी वॉर्डाचा कमिटीमन, म्हणजे पक्षाचा वॉर्डप्रमुख. म्हणजे तोही 'पाठवलेलाच' होता. मग पुढे त्याच्या शब्दावर किती जण पाठवले गेले. २००९ मध्ये सरकारी युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशनमध्ये पुढाऱ्यांची शिफारस असलेल्या मुलांची वेगळी यादी सापडली होती, त्यात शिफारस करणाऱ्यांत हाही होता. माझी मुलगी तेव्हा शाळेत शेवटच्या वर्षाला, रात्र रात्र जागायची. त्या दिवशी पेपर वाचून मी पहिल्यांदा त्याच्यावर खरी चिडले. सॉक्सची रात्र माफ केली होती, हे नाही केलं.

सांगोला_एक्स्प्रेस

काकू, एक प्रश्न. मुलगी पण राजकारणात होती ना त्याची?

नर्मदाकाकू

हो, लिसा मॅडिगन, २००३ ते २०१९ राज्याची ॲटर्नी जनरल. २०१३ ला गव्हर्नरसाठी उभी राहणार अशी हवा होती, मग तिनेच जाहीर केलं की वडील स्पीकर राहणार आहेत, एकाच घरातले गव्हर्नर आणि स्पीकर राज्याला बरे नाहीत. बापाने मुलीसाठी खुर्ची सोडली नाही. आपल्याकडे उलटं असतं.

चकलीबहाद्दर

आपल्याकडे बाप खुर्ची सोडतो पण हातात दोरी ठेवतो.

खडूस_खारूताई

अरे पण नक्की शिक्षा कशाबद्दल झाली ते कुणी नीट सांगेल का? सगळे इतिहासात रमलेत.

कायदेपंडित_नाही

सांगतो. कॉमएड ही वीज कंपनी. २०११ पासून २०१९ पर्यंत कंपनीने मॅडिगनच्या जवळच्या माणसांना सबकाँट्रॅक्टर म्हणून पैसे दिले, एकूण १३ लाख डॉलर, काम जवळपास शून्य. बदल्यात स्प्रिंगफील्डमध्ये कंपनीला हवे ते कायदे नीट पार पडावेत ही अपेक्षा. २०२० मध्ये कंपनीने हे कबूल करून २० कोटी डॉलर दंड भरला. २०२३ ला कंपनीच्या माजी सीईओसह चौघं दोषी. मॅडिगनचा खटला ऑक्टोबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५. २३ आरोप: १० मध्ये दोषी, ७ मध्ये सुटला, ६ वर ज्युरीचं एकमतच नाही, त्यात रॅकेटिअरिंगचा (संघटित गुन्हेगारीचा) सगळ्यात मोठा आरोपही आला. दोषी ठरला त्यात एका नगरसेवकाला सरकारी बोर्डावर जागा मिळवून द्यायचा बेतही आहे, आणि तो नगरसेवक तेव्हा एफबीआयसाठी छुपा कॅमेरा लावून फिरत होता. सरकारी वकिलांनी साडेबारा वर्षं मागितली, बचावाने घरीच स्थानबद्ध ठेवा म्हटलं, जज्ज ब्लेकी यांनी साडेसात दिली, आणि साक्षीत शपथेवर खोटं बोलला असंही सुनावलं.

गंमत अशी की त्याने स्वतः मोबाइल, ईमेल वापरलं नाही, कुठे कागद ठेवला नाही. पण जिवलग मित्र मायकल मॅक्लेन, कंपनीचा लॉबिस्ट, त्याचा फोन टॅप होता. एका फोनवर मॅडिगन हसत म्हणतो की यातल्या काहींनी तर भरपूर लाटलं. ती क्लिप ज्युरीने ऐकली.

हां आणि हा मॅक्लेन फोनवर कधी मॅडिगनचं नाव घ्यायचा नाही. 'आपला मित्र' म्हणायचा, नाहीतर 'हिमसेल्फ'.

नर्मदाकाकू

म्हणजे "हे"! आम्ही जन्मभर नवऱ्याला तेच म्हणतोय, आमच्यावर नाही कुणी एफबीआय लावलं.

चकलीबहाद्दर

"हे घरी नाहीत" 😂😂 काकू आजच्या मॅन ऑफ द मॅच.

खडूस_खारूताई

धन्यवाद पंडित. पण माझी शंका, मित्राला काम दिलं आणि नंतर कायदा झाला, यात लाच कुठे सुरू होते आणि मैत्री कुठे संपते?

कायदेपंडित_नाही

लाखमोलाचा प्रश्न, आणि अपील त्याच्याभोवतीच फिरणार. जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्नायडर खटल्यात (इंडियानामधल्या पोर्टेज गावचा माजी मेयर, १३ हजार डॉलर) सांगितलं की काम झाल्यावर दिलेली बक्षिसी त्या केंद्रीय कायद्यात लाच धरता येत नाही, आधी ठरवून घेतलेलं हवं. म्हणजे चहापाणी आधी मागितलं तर गुन्हा, काम झाल्यावर खुशीने दिलं तर त्या कलमाखाली नाही. त्यामुळे कॉमएडच्या चौघांवरचे काही दोषही नंतर रद्द झाले.

सांगोला_एक्स्प्रेस

हे आमच्या तलाठी ऑफिसला कळता कामा नये.

मॅडिसनची_मंजू

तो पडला कसा तेही लिहायला हवं, कारण खटल्याच्या आधीच खुर्ची गेली होती. त्याच्या राजकीय टीममधल्या एका माणसाने एका प्रचार कार्यकर्तीला नको ते मेसेज पाठवून छळलं होतं, तिने तक्रार करूनही बराच काळ हालचाल नाही. २०१८ मध्ये ती पत्रकारांसमोर आली तेव्हा कुठे तो माणूस गेला. चीफ ऑफ स्टाफवरही आरोप झाले, त्यालाही जावं लागलं. तिथून पक्षातल्या बायका उलटल्या. २०२० मध्ये कॉमएडचं बाहेर आल्यावर त्याच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या पहिल्या कोण, तर ऑरोरा भागातल्या स्टेफनी किफोविट, मग ॲन विल्यम्स आणि कॅथलीन विलिस. जानेवारी २०२१ ला ६० मतं हवी होती, त्याला मिळाली ५१. तिथेच संपलं. त्या रूल्स कमिटीला जे अडवता आलं नाही ते हे.

आकडेमोड

ऑरोराच्या बालाजी मंदिराला जाणाऱ्या निम्म्या मराठी लोकांना आपली आमदार कोण ते माहीत नसेल. मलाही नव्हतं.

सांगोला_एक्स्प्रेस

(अवांतर) राज्याच्या विधिमंडळात मराठी कुणी आहे का तिकडे?

नर्मदाकाकू

आयोवात स्वाती दांडेकर होत्या, मूळ नागपूरच्या. २००३ पासून हाउसमध्ये, मग सिनेटर, आणि २०११ ला त्या सोडून राज्याच्या युटिलिटी बोर्डावर गेल्या, म्हणजे वीज कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या बाजूला! मिशिगनमध्ये बेळगावचे श्री ठाणेदार आधी राज्याच्या हाउसमध्ये होते, २०२३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये (संसदेत) गेले.

चकलीबहाद्दर

(अति अवांतर) स्प्रिंगफील्डला कामासाठी गेलो होतो, तिथली खासियत म्हणून हॉर्सशू नावाचा पदार्थ खाल्ला. पाव, त्यावर मांसाचा तुकडा, त्यावर डोंगरभर फ्राईज, त्यावर चीजची आमटी. व्हेज मागितलं तर मांस काढून तेच दिलं. एवढं जेवून दुपारी बजेट पास कोण करणार? मॅडिगन सफरचंद खाऊन टिकला त्याचं रहस्य हेच असावं.

भुईनळा

😀 धागा लायब्ररीत टाका आता.

मिडवेकर (धागाकर्ता)

चार महिन्यांनी धागा वर काढतोय, माफ करा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मॅडिगन तुरुंगात हजर झाला. अपील केलं होतं पण तोवर बाहेर राहू द्या ही विनंती मान्य झाली नाही. आजोबांना बातमी मीच सांगितली, त्यांनी फक्त मान हलवली आणि विचारलं, तिथे थंडी किती असते?

तुमचे सगळे प्रतिसाद तेव्हा वाचले होते. मध्ये एक झालं ते सांगायचं होतं. सप्टेंबरच्या वादळात आमच्या दोघांच्या घरासमोरच्या झाडाची एक जाड फांदी अर्धी मोडून लोंबकळत राहिली, बरोबर त्यांच्या गाडीवर. आजोबा म्हणाले वॉर्डात फोन करतो, मॅग्नेट काढून हातात घेतलं, नंबर पाठ असूनही. मी म्हटलं थांबा, आणि मोबाइलवर शहराच्या ३११ ॲपमध्ये फोटो टाकला. तक्रार क्रमांक आला. त्यांना दाखवला तर चष्मा वर करून बघत राहिले, बारा आकडी वगैरे काहीतरी. म्हणाले, याचं काय करायचं? म्हटलं काही नाही, वाट बघायची.

नवव्या दिवशी ट्रक आला. दोन पोरं, त्यातली एक मुलगी करवत घेऊन शिडीवर. वीस मिनिटांत काम उरकलं, पाचोळासुद्धा झाडून नेला. आजोबा पोर्चमध्ये उभे राहून सगळं बघत होते. ती मुलगी खाली उतरल्यावर त्यांनी तिला विचारलं, तुम्हाला कुणी पाठवलं?

ती म्हणाली, कुणी नाही, यादीत नाव होतं.

आजोबांना ते काही रुचलं नाही. संध्याकाळी मला म्हणाले, तिला थँक्यू म्हणायला फोन कुणाला करायचा?

नर्मदाकाकू

मग केला का कुणाला?

मिडवेकर

वॉर्ड ऑफिसला केला त्यांनी. तिकडची बाई म्हणाली, आम्हाला माहीत नाही बुवा.

खडूस_खारूताई

(अवांतर) आकडेमोड, अपील जिंकले. २१० डॉलर वाचले. बेसमेंटचा सल्ला कामी आला.